वाघाच्या वर्षातली ताई

कोळशाची खाण, होक्काइदो
३ ऑक्टोबर १९३८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लढाईवर पोटाला बांधायच्या माझ्या पट्ट्यात हजार गाठी हव्यात, बाईमागे एकच, आणि अजून अडतीस कमी. गावातल्या बायका संपल्या म्हणतेस. मला तर वीस तारखेला पलटणीत हजर व्हायचंय. नऊशे नव्याण्णव गाठींना गोळी लागते आणि हजाराला लागत नाही, हे ठरवलं कुणी? इथे विचारलं तर सगळे माझ्यावरच खेकसले.

पण खाणीतल्या सुगिमोतोने एक सांगितलं. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला वयाइतक्या गाठी मारता येतात. त्याच्या मावशीने एकटीने एकोणपन्नास मारल्या. मी लगेच बोटं मोजली. मी ड्रॅगनच्या वर्षाचा, तू दोन वर्षांनी मोठी. वर्षांच्या बारा प्राण्यांत ड्रॅगनआधी ससा, सशाआधी वाघ. मग लग्नात तू सशाची कशी झालीस? चुकलं कोण, माझी बोटं की आबा? उलट टपाली कळव.

शाळा बुडवलेला, तरी तुझाच,
तोकुजी


९ ऑक्टोबर

चि. तोकुजीस, अ. उ. आ.

तुझी बोटं बरोबर आहेत, अक्कल नाही. पत्र मामंजींच्या हाती पडलं आणि त्यांनी ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. वाघ हजार कोस जाऊन परत येतो, म्हणून वाघाच्या वर्षातली सून माहेरी परतते, असं मानतात. माझं लग्न अडू नये म्हणून आबांनी माझा जन्मच वर्षभर उशिरा नोंदवला होता. आता हाकलणार असं धरून मी बोचकं बांधायला घेतलं.

सासूबाई मुळे धूत होत्या. धुता धुताच म्हणाल्या की सात वर्षं या घरातून हलली नाहीस, म्हणजे तुझं ते परतणं न वापरताच पडलंय, भावाच्या पट्ट्यात घाल. माझी एक गाठ होतीच, वर चोवीस मारल्या. उरलेल्या चौदांसाठी त्या स्वतः स्टेशनवर उभ्या राहिल्या. बायकांना बजावत होत्या म्हणे, की आमची सून वाघीण आहे, तुम्ही एकेकच मारा.

पट्टा सोबत आहे. माया आहेच, जिभेला मात्र आवर घाल.

हात्सुए


१६ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

पट्टा बांधून पाहिला. खाजतो. बोचकं सोडलंस ना?

सासूबाईंना माझा वाकून नमस्कार. आता मला परत यावंच लागेल. नाहीतर म्हणतील, ही वाघाचीसुद्धा नव्हती, दुसऱ्यांदा फसवलं.

तोकुजी