ठाण्यापुरते निर्गुण

॥ श्री ॥
डोंबिवली,
१७ जानेवारी १९९४

चि. आनंदा यास दाजीमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईच्या ‘कमला’ उदबत्तीसाठी तू केलेला नव्या खोक्याचा नमुना पोचला. प्रथम पाकीट रिकामेच आले असे वाटून मी ते उलटे करून झटकले. मग तुझी मामी म्हणाली की हातात धरले आहे तेच चित्र. पांढऱ्या शुभ्र कागदावर एक नारिंगी वळसा, आणि खाली मुंगीने लिहावे तशा अक्षरांत नाव. छापखान्यात शाई सांडली का, असे तिने विचारले. मी तिला समजावले की कलाशाळेत पाच वर्षे घालवलेल्या मनुष्याची शाई सांडत नाही. ती व्यक्त होते.

जुन्या खोक्यावर कमळात बसलेली लक्ष्मी होती, दोन हत्ती होते, समई, वेलबुट्टी, कल्याणच्या दुकानाचा पत्ता आणि बनावट मालापासून सावध राहण्याची सूचना होती. या सर्वांस तू एकाच दिवशी मोक्ष दिलास. सगुणाकडून निर्गुणाकडे जाण्यास ऋषींना जन्मोजन्मी तप करावे लागले. तुला कॉम्प्युटरवर एक दुपार पुरली. धन्य तो गुरू, आणि धन्य ती वीज, जी गेली की गुरूही समाधी घेतो.

ते जुने बोधचिन्ह तुझ्या वडिलांनी माझ्या नावे नोंदवले असल्याने बदलास माझी सही लागते. ती मी करणार नाही. लक्ष्मीला घराबाहेर काढण्याच्या कागदावर या वयात मी अंगठाही उठवणार नाही.

प्रकृतीस जप. आईस पत्र लिहीत जा. मात्र खोक्याइतके कोरे नको.

तुझा,
दाजीमामा


ठाणे,
२४ जानेवारी १९९४

ती. स्व. दाजीमामांस आनंदाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मामींची शाईची शंका ऑफिसात वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले, मी सोडून.

मामा, तो वळसा म्हणजे उदबत्तीचा धूर आहे. हल्ली बाहेरच्या कंपन्यांचा माल दुकानांत येऊ लागलाय. त्यांच्या खोक्यांवर एकच खूण असते आणि बाकी मोकळी जागा. त्यांच्याशेजारी आपलं खोकं लग्नातल्या बँडवाल्यासारखं दिसतं. हे मी म्हणत नाही, नौपाड्यातल्या मोठ्या दुकानाचे सहदेवशेठ म्हणतात. त्यांच्याकडे गिऱ्हाईक स्वतः फळीवरून माल उचलतं, त्यामुळे लांबून ओळख पटावी लागते. जुन्या खोक्यातला माल पाडव्यापासून ठेवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

आईकडे उदबत्त्या वळायला दिवा गावाहून चौदा जणी येतात. त्यातल्या सात जणींचं काम या एका दुकानावर चालतं. दिव्यात नळाला पाणी नाही, निदान हाताला काम तरी राहू द्या.

परमेश्वराला आकार नाही, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत. मग त्याच्या उदबत्तीला दोन हत्ती कशाला लागतात? सहीचा कागद सोबत जोडलाय. आईला नमुन्याची दोनशे खोकी दिली आहेत, म्हणजे गिऱ्हाइकांचंही मत कळेल.

रागवा, पण लोभ मात्र जुन्या डिझाइनचाच ठेवा.

आपला,
आनंदा


॥ श्री ॥
कल्याण,
२७ फेब्रुवारी १९९४

ती. स्व. दादास कलावतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आनंदाची नवी खोकी महिनाभर आपल्या दुकानात ठेवली. देखणी आहेत म्हणून बायकांनी कौतुकाने नेली. पण एरवी पंधरवड्याने येणारी तोंडं काही दिसेनात. परवा त्यांतल्या मीराबाई देवळात भेटल्या. उदबत्ती आवडली नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अगं, वास झकास होता, पण खोक्यावर देवच नाही, म्हणून खोकं केरात टाकलं. मग तुझ्याकडे यायचं कारणच उरलं नाही. वाण्याने दिली ती उदबत्ती घेतली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लक्ष्मी पायदळी जाऊ नये म्हणून बायका रिकामं खोकं आपल्याकडे आणून देतात, आणि आलोच आहोत तर नवं घेऊन जातात. वर्षातून दोनदा तू त्या खोक्यांची पोती खडवलीला नेऊन नदीत सोडतोस. आपण त्याला धर्म समजत होतो दादा, आणि दुकान त्याच्यावर चाललं होतं! आनंदाला सुचलं नाही त्याचं नवल नाही. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मला तरी कुठे सुचलं?

पण ठाण्याचं दुकान हातचं गेलं तर त्या सात जणींना मी कोणत्या तोंडाने घरी बस म्हणू? तूच ठाण्याला जा आणि सहदेवशेठना समजाव. तुझ्या जिभेपुढे ते टिकणार नाहीत. आम्ही कुठे टिकलो?

वहिनींना नमस्कार. या बहिणीला विसरू नये.

तुझी,
कलावती


॥ श्री ॥
डोंबिवली,
९ मार्च १९९४

चि. आनंदा यास अनेक आशीर्वाद.

परवा ठाण्यास येऊन गेलो, पण तुला भेटलो नाही. विजयी मुद्रेने भेटावे असा बेत होता, आणि परतताना ती मुद्रा जवळ राहिली नव्हती.

तुझ्या सहदेवशेठना मी पाऊण तास लक्ष्मीतत्त्व ऐकवले. त्यांनी ते भक्तिभावाने ऐकले आणि तेवढ्यात तिघांना साबण विकला. अखेर मी ब्रह्मास्त्र काढले: तुमच्याकडे रिकामी खोकी परत कोण आणते? ते म्हणाले, आजोबा, आम्ही भरलेली परत घेत नाही, रिकाम्यांचे काय घेऊन बसलात! मग त्यांनी मला दुकानामागच्या गल्लीत नेले.

तेथे कचराकुंडी होती. नारळाच्या करवंट्या, कोलंबीची साले, आणि त्यांत आपली लक्ष्मी. एक नव्हे, मी सतरापर्यंत मोजल्या. एका जोडीच्या हत्तींवर मांजर बसले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर राजयोग होता. सहा वर्षे आपला माल ठाण्यास जातो हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. देवीला कोठे पाठवतो आहोत हे पाहण्यास मात्र एकदाही गेलो नाही. जे शास्त्र मी तुला शिकवले ते मला पाठ होते, एवढेच.

धोतर खोचून ती खोकी वेचू लागलो, तेव्हा वरच्या खिडकीतून एका बाईंनी विचारले की रद्दी घेता का, माझ्याकडे दोन महिन्यांची वर्तमानपत्रे आहेत. त्या माउलीस मी भाव सांगितला नाही, इतकाच काय तो माझा विवेक.

सही केलेला कागद सोबत आहे. अट एकच. जेथे खोके परत येते तेथे लक्ष्मी राहील; जेथे ते केरात जाते तेथे तुझा धूर. म्हणजे कल्याण-डोंबिवलीत सगुण, ठाण्यात निर्गुण. मधल्या दिवा-मुंब्र्याचे काय करावे यासाठी दोन रात्री पोथ्या चाळल्या, परंतु शास्त्रकारांनी स्टेशनांचा विचार केलेला दिसत नाही. आईकडच्या दिव्याच्या बायकांना विचार. त्या सांगतील तो निर्णय मला मान्य. त्यांच्याइतका अधिकार ना तुझ्या कॉम्प्युटरला, ना मला.

नावाची अक्षरे तेवढी मोठी कर. निर्गुणालाही हाक मारावी लागते.

वळसा मला अजून आवडलेला नाही. आमच्यावरचा जीव आहे तसाच असू दे. तोही आटोपशीर करण्याची पद्धत निघाली, तर नमुना आधी पाठव.

तुझा,
दाजीमामा