रडायच्या सीनआधीचा गणिताचा पेपर

प्रिय आई,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

काल मेकअपच्या खोलीत बसून गणिताचा पेपर दिला. शाळेतून बाई मुद्दाम आल्या होत्या. दिग्दर्शककाका मला बोलवायला आले, तर बाई म्हणाल्या, "पेपर होईपर्यंत ती माझी!" सगळे माझ्यासाठी थांबले. बाईंनी पेपर तिथेच तपासला. अपूर्णांक सगळे बरोबर! माझ्या सोबतीला आलेली मावशी तर सेटवर दिसेल त्याला सांगत सुटली आहे.

मग रडायचा सीन होता आणि मला हसूच आवरेना. काका वैतागले. शेवटी डोळे मिटून, तू ताटावर एकटीच बसली आहेस असं मनात आणलं. सीन लगेच ओके झाला. लाइटवाल्या दादांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या!

मी मजेत आहे, पोटभर जेवते. तू शेजारच्या काकूंना जेवायला बोलावतेस ना? खरं खरं सांग.

तुझीच,
बडबडी