अकरांपैकी एक

६ सप्टेंबर
एल्डर क्रीकला आलो एकदाचा. घर छोटं, पण ऐटीत आहे. पुढे व्हरांडा, मागे सफरचंदाचं झाड, आणि पूर्वेची खोली लिनियाची. घटस्फोट देताना कोर्टाने लेकीचे एक आड एक शनिवार-रविवार माझ्या पदरात टाकले, म्हणून तिची खोली आधी लावली. मी अजून खोक्यांच्या गराड्यात झोपतो. सोमवारपासून पाणीपुरवठा केंद्रावर नवी नोकरी. शेजारच्या लोर्ना प्रुइट बाई मक्याचा गरम पाव घेऊन आल्या आणि तो गार व्हायच्या आत कुठून आलो, बायको का नाही, रविवारी चर्चला येणार का, सगळं काढून घेतलं. जाताना पूर्ण नाव विचारलं. ड्वेन हॅलवर्सन, म्हटलं. स्पेलिंगही विचारलं. नाताळचं कार्ड पाठवणार असतील.

१४ सप्टेंबर
लिनिया राहून गेली. घर दोन दिवस घरासारखं वाटलं. तिच्या सायकलची साखळी समोरच्या घरापुढे निसटली. तिथे व्हर्जिल स्टेन्सरूड नावाचा म्हातारा एकटा राहतो. तो फाटकाच्या आतूनच तिला म्हणाला म्हणे, आधी बाबाला हाक मार, तो आला की मग हात लावतो. मी गेल्यावर त्याने साखळी झटक्यात बसवली आणि पोरीकडे एकदाही न बघता आत निघून गेला. विक्षिप्त आहे, पण हात कसबी.

२१ सप्टेंबर
लोर्नाबाईंच्या अंगणात सगळी गल्ली सॉसेज भाजायला जमली होती. विषय एकच, तो निकाल. लैंगिक गुन्हेगारांची यादी इंटरनेटवर असते, ती सगळे बघतातच. पण जुन्या गुन्ह्यांची काही नावं आजवर फक्त पोलिसांपाशी होती. नवा कायदा तीही सगळ्यांना दाखवणार होता. वरच्या कोर्टाने तो अडवला. गुन्हा आधीचा, शिक्षा भोगून झालेली, त्याला मागाहून केलेला कायदा चिकटवायचा नाही, घटनेत बसत नाही, म्हणे. आमच्या भागात अशी अकरा माणसं आहेत, एवढं मात्र पेपरात आलं.
मी म्हटलं, बरोबरच आहे, डाव संपल्यावर नियम बदलायचे नसतात. मग लोर्नाबाई हसून म्हणाल्या, अरे वा, तुला बरी माहिती आहे रे त्या कायद्याची.

२८ सप्टेंबर
लिनिया गल्लीत खेळायला गेली आणि लगेच परत आली. सगळ्या मुलींना घरी बोलावून घेतलं म्हणाली. जेवायची वेळ झाली असेल, अशी मी तिची समजूत घातली. दुपारचे तीन वाजले होते.

३ ऑक्टोबर
केंद्रावरच्या, आमच्याच गल्लीत राहणाऱ्या क्लाइडने जेवताना सहज सांगितलं की गल्लीतल्या सगळ्यांनी यादीत माझं नाव शोधलं. सापडलं नाही. मी म्हटलं, मग झालं की. तो डबा बंद करत म्हणाला, त्या अकरांचंही सापडत नाही ना.
संशयाला औषध नसतं हे ठाऊक होतं. आता रोगी मीच झालोय.

७ ऑक्टोबर
शेरिफच्या कचेरीत जाऊन आलो. मी त्या अकरांत नाही, एवढंच लिहून द्या म्हटलं. खिडकीवरची बाई चांगली होती. तिने शांतपणे समजावलं. तुम्हाला लिहून दिलं तर उद्या गावातला प्रत्येक पुरुष रांगेत उभा राहील, आणि ज्यांना देता येणार नाही ते अकरा आपोआप उघडे पडतील. कोर्टाने तेच तर बंद केलंय, बाबा.
तिचं बरोबर होतं. जे मी केलेलंच नाही, ते केलेलं नाही हे सांगणारा कागद जगात कुठेच नाही.

१० ऑक्टोबर
कोरिनचा फोन. माझी आधीची बायको, लिनियाची आई. तिला माझ्याबद्दल कोणीतरी ‘काळजीपोटी’ कळवलंय. लिनिया उद्या येणार नाही. खुलासा झाला नाही तर कोरिन कोर्टात जाणार. माझ्याकडे पोरीचे ते दोन दिवस सोडून दुसरं आहे काय?

१८ ऑक्टोबर
व्हर्जिल आज फाटकाबाहेर आला. पहिल्यांदाच. म्हणाला, तुझ्या वाट्याला आलंय ते माझं आहे. चाळीस वर्षांपूर्वीचं. केलं ते केलं, नाकारत नाही, तुरुंगात भरून दिलं. हॅलोविनला, मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या रात्री, इथे थांबू नकोस, असंही म्हणाला. मुलं दारी येऊ नयेत म्हणून यादीतल्यांनी त्या संध्याकाळी व्हरांड्याचा दिवा बंद ठेवायचा असतो. दिवा बंद दिसला तर म्हणतील त्यांच्यातलाच, आणि चालू दिसला तर म्हणतील, निकालाने माज आलाय.
त्याच्या हाताने बसवलेली साखळी आठवली. शिसारी आली. आणि दयाही, तीच जास्त आली.

२५ ऑक्टोबर
आजचा शनिवार माझा होता. रिकामी खोली. दाराच्या कडीला कोणीतरी मुंडकं तोडलेली बाहुली बांधून गेलं.

२८ ऑक्टोबर
सांगून टाकलं. लोर्नाबाईंना. मी नाही, समोरचा आहे, म्हटलं.
त्यांनी माझा हात थोपटला. माझ्यासमोर कोरिनला फोन करून सगळं निस्तरलं. हॅलोविनला लिनिया माझ्याकडे येणार. मक्याचा पावही मिळाला. तो तसाच झाकून ठेवला.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळ
लिनिया मधमाशीचं सोंग घेऊन आलीय. दिवा लावलाय. आमच्या दारी एकही मूल आलं नाही. सगळे समोर जमलेत, मोठी माणसं, मुखवटे घालून.

व्हर्जिलच्या काचा फोडल्या. तो घरात नाही. गाडीही नाही. पळाला. बरं झालं — देवा, बरं झालं.

पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले. तोवर लिहून ठेवतो, उद्या कोणी विचारलं तर —

अंगणात क्लाइडचा आवाज. तो लोर्नाबाईंना विचारतोय, ती नावं तर कोणालाच माहीत नव्हती. मग ह्यालाच कशी माहीत?

लोर्नाबाई म्हणाल्या, ते एकमेकांना ओळखतात.

रस्ता ओलांडतायत. पुन्हा फोन लावला. उचलत नाहीत.

लोर्नाबाई खिडकीशी. गोड आवाजात लिनियाला म्हणतायत, बाळा, मागच्या दाराने बाहेर ये, आम्ही तुला सोडवायला आलोय. ती माझ्याकडे बघतेय. मी तिला सांगतोय की बाबाने काही —

तिने माझा हात सोडला. ती मागची कडी काढतेय, आणि —