श्वासापुरती जागा

धाकटे,

तुझ्या एकटीच्या स्तुतिगीतांची रेकॉर्ड आली. चर्चमधल्या बायका माझंच अभिनंदन करतात, आणि माझ्या पोटात दुखतं.

क्वायरमध्ये आपण शेजारी उभ्या राहायचो. लांबलेल्या सुरावर तुझा दम संपला की तू श्वास घ्यायचीस आणि तेवढा वेळ मी सूर धरायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकच गळा आहे.

आता त्या जागी तू नुसती थांबतेस. चर्चचे पाळक म्हणाले, "त्या शांततेत देव भेटतो हो!"

कप्पाळ! तिथे मी होते.

हे पत्र काही मी टाकणार नाही. पण रेडिओवर तू थांबलीस की भांडी घासता घासता मी अजूनही तो सूर धरते. तू परत येईपर्यंत सोडत नाही.

तुझी,
ताई