ओढला की आकसणाऱ्या कीबोर्डाबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
संगणक विभाग, नागरिक सुविधा केंद्र

विषय : उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत पडद्यावरचा कीबोर्ड मोठा होत नसल्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

१. मी निवृत्त टंकलेखिका. वय एकोणऐंशी. न्यायालयात एकतीस वर्षे उजवीकडून डावीकडे टंकन केले. आता डोळे अधू झाल्याने पडद्यावरची अक्षरे मोठी करून घ्यावी लागतात.

२. माझी थोरली बहीण परगावी वृद्धाश्रमात असते. भेटीला तिची संमती लागते आणि तिला तीच लिपी वाचता येते, म्हणून भेटीचा फॉर्म आपल्या यंत्रावर त्याच भाषेत भरावा लागतो. ती भाषा निवडली की पडदा आरशासारखा उलटतो. त्याला माझी हरकत नाही. कीबोर्ड मोठा करायचा कोपराही डावीकडे येतो. तो बाहेर ओढला की मात्र कीबोर्ड आकसतो. ज्याने पडदा उलटा केला, तो बोटाची दिशा उलटी करायला विसरला. मी जितके ओढते तितका तो अंग चोरतो.

३. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “आजी, आत ढकला ना मग!” ढकलले. कीबोर्ड फुगला आणि त्याची उजवी बाजू पडद्याबाहेर गेली. बहिणीच्या नावाचे पहिले अक्षर तिकडेच होते. बाई म्हणाल्या, “गाळा ते. कोण बघतंय?” महोदय, माझी बहीण बघते. ती शाळेत मुख्याध्यापिका होती.

४. आमच्या कचेरीत पहिले उलटे टंकयंत्र आले, तेव्हा त्याची घंटा ओळ संपताना वाजायची ती ओळ सुरू होतानाच वाजे. मेकॅनिक आला, चहा प्यायला, पंधरा मिनिटांत घंटा जागेवर बसवून गेला. त्याच्या दारावर पाटी नव्हती. आपल्या दारावर दोन आहेत.

५. गेल्या मंगळवारी मी, कसाबसा फॉर्म भरून ठरवलेल्या भेटीची फक्त वेळ बदलायला आले होते. कीबोर्ड तिकिटाएवढा झाला आणि बोट शेजारच्या ‘भेट रद्द’वर पडले. यंत्राने माझे आभार मानले. बहिणीला निरोप गेला की नातेवाइकांना भेट नको आहे. तेव्हापासून ती माझा आवाज ऐकला की फोन ठेवते. आमचे बोलणे बंद राहण्याइतका वेळ आमच्या दोघींच्या वयाला परवडणारा नाही.

६. तरी कीबोर्ड दुरुस्त करावा, आणि तोवर सोबतचा हस्तलिखित फॉर्म स्वीकारावा. मुख्य विनंती वेगळी आहे. आपण स्वतः वृद्धाश्रमात फोन करून सांगावे, की भेट यंत्रामुळे रद्द झाली, धाकटीने केली नाही. तिला कमी ऐकू येते, मोठ्याने बोलावे. ती आधी आपल्याला झापेल, मध्ये बोलू नये. दम लागला की ती विचारेल, “मग येणार कधी ती?” त्यावर गुरुवार सांगावा.

आपली नम्र, पण रोज येणारी,
(सही)
निवृत्त टंकलेखिका
दिनांक : ९, सोमवार

सोबत : १. भेटीचा हस्तलिखित फॉर्म, पहिल्या अक्षरासह.
२. वृद्धाश्रमाचा फोन क्रमांक, आपल्याला दिसेल एवढा मोठा लिहून.