सुबोध गेल्याचे रोडगे

पांढुर्णा,
शनिवार, २२ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप आत्याबाई यांना मंगलाचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही बऱ्याच असाल. मामाजींचा दमा थंडीत उचल खातो, तेव्हा त्यांना रात्री दही देऊ नये. तुमच्या गुडघ्यांची चौकशी मी करणारच होते. पण दिवाळीनंतरच्या रविवारी तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन सौंसरच्या बसस्टँडपर्यंत पायी गेलात आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांचं तोंड गोड केलंत, हे मला बसच्या कंडक्टरकडून कळलं (त्यालाही एक मिळाला म्हणे). म्हणजे गुडघे उत्तम असणार. मी परीक्षा पास झाले तेव्हा याच गुडघ्यांपायी तुम्हाला पांढुर्ण्याला येणं जमलं नव्हतं. आनंद कशाचा किती मानायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, मी मध्ये बोलणारी कोण!

तुमचं पत्र मिळालं. साक्षगंधाची साडी मोतिया घ्यायची की डाळिंबी, असं तुम्ही विचारलं आहे. नागपूरच्या मंडळींचा होकार आला, पुढच्या महिन्यातली तारीखही ठरली, आणि मुलगी मात्र रंग सांगत नाही, म्हणून तुम्ही रागावला आहात. रंगाचं उत्तर या पत्रात येईल. पण आधी मला भांडायचं आहे, आणि मोठ्यांशी तोंडावर भांडू नये हे तुम्हीच शिकवल्यामुळे लेखी भांडते आहे.

मामाजी सिरीयल बघत नाहीत, त्यांना समजावं म्हणून थोडक्यात सांगते. रविवारी सकाळी जी सिरीयल लागते (लागते दिल्लीहून, पण आपल्याकडे नागपूरमार्गे येते, आणि पांढुर्ण्याला पोचेपर्यंत पडद्यावर निम्म्या मुंग्याच उरतात) तिच्यात निवेदिता नावाची एक वकीलबाई आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या सुबोधचा तिच्यावर जीव आहे आणि तिचाही त्याच्यावर. पण हा सुबोध एका माणसाला बघवेल तर शपथ! का, तर तो हळू बोलतो. ती बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही. पावसात छत्री तिच्या डोक्यावर धरतो आणि स्वतः भिजतो, तर म्हणे बुळा आहे. तिला खोकला झाला तेव्हा बागेत जाऊन गाणं म्हणायचं सोडून त्यानं अडुळशाची बाटली आणून दिली, तर आमच्या शेजारच्या पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. (पुष्पाबाईंचा नवरा त्यांच्या दुखण्यात कधी पाण्याचा पेला आणून देत नाही. तरी हात कपाळावर, आणि तोही सुबोधसाठी.) मग एक दिवस जीपमधून तो कॅप्टन रणजीत उतरला. काळा चष्मा, हातात छडी, आणि बोलणं असं की जणू समोरचा बहिरा आहे. झालं, सगळी गल्ली त्याच्यावर लट्टू. आणि दिवाळीनंतरच्या त्या रविवारी सुबोध आसामची नोकरी पत्करून निघाला. प्लॅटफॉर्मवर निवेदिता भेटायला आली, त्यानं तिला चहा घेणार का एवढंच विचारलं, गाडी सुटली आणि सुबोध सिरीयलीतून गेला. याचे तुम्ही पेढे वाटलेत.

आमच्या घरी काय झालं तेही ऐका. विहारातली रविवारची वंदना या सिरीयलीपायी अर्धा तास अलीकडे आणली आहे, त्यामुळे सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत तशाच आमच्या घरी येऊन बसतात. नुकतंच पंचशील घेतलेल्या या बाया गाडी सुटताच टाळ्या पिटायला लागल्या. पुष्पाबाईंनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. बापूजींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या! रिटायर होताना तिगाव स्टेशनावर सगळ्यांनी हार घातले, तेव्हाही ज्यांच्या तोंडावरची रेष हलली नव्हती, तेच हे बापूजी. सोमवारी भाजीवाल्या शांताबाईंनी वांग्यांवर हिरव्या सांबाराची, कोथिंबिरीची, जुडी फुकट टाकली, कशाबद्दल विचारलं तर म्हणे पीडा गेली ना! शाळेत मोठ्या बाई प्रार्थनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सुटली बिचारी निवेदिता. बापूजींनी तर दिल्लीला कार्डामागून कार्ड धाडलं की आता उशीर न करता कॅप्टनशी लग्न उरकून टाकावं. पोटच्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी इतकी कार्डं लिहिली नाहीत.

मला एवढंच सांगा, त्या माणसानं तुमचं काय घोडं मारलं होतं? कोणाचं खाल्लं नाही, कोणाला उणं बोलला नाही, दारू नाही, शिवी नाही. पण आवडला नाही, कारण तो आवाज करत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगड मारतात, पण तिथे निदान समोरचाही दगड मारतो. सुबोधला सगळ्यांनी मिळून मारले, आणि तो खाली वाकून दगड उचलणार नाही याची खात्री असल्यामुळे मारले. मला याचा फार राग आला आहे. तुम्ही म्हणाल, सिरीयल आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस. तर पुढचं वाचा.

आता आमच्या अँटेनाची गोष्ट. तो बांबूवर बांधलेला आहे आणि वारा आला की छिंदवाड्याकडे तोंड करतो. बापूजींनी तो पक्का बसवून घेतला नाही, कारण समोर रघुनाथरावांकडे भाड्यानं राहणारे मनोहरबाबू आहेत. हे सिंचन खात्यात बाबू आहेत, गाव तुमच्याजवळचं बोरगाव. एकदा सहज आमच्या छपरावर चढले आणि बांबू धरला, तेव्हापासून ते त्यांचं कामच होऊन बसलं. दर रविवारी सिरीयल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ते वर बांबू धरून उभे. वरून विचारायचं, "दिसून राहिलं का जी?" आणि खालून सगळ्यांनी ओरडायचं, "आलं, आलं! हालू नका बाबू, तसेच राहा!" या माणसानं ना कधी सुबोधला पाहिलं ना निवेदिताला. खाली सगळे सुबोधची टिंगल करून हसायचे, ते वर ऐकू जायचं, तर त्यांची समजूत अशी की सिरीयल विनोदी आहे. मला एकदा म्हणालेही, "चांगली हसवते वाटते." मी काय सांगणार!

(या मनोहरबाबूंबद्दल माझं काही विशेष मत नाही. एक गोष्ट तेवढी सांगून ठेवते. मागच्या वर्षी मला परीक्षेला छिंदवाड्याला जायचं होतं. बापूजींना ताप, आई घाबरलेली, आणि बस तर पहाटेची. त्याच बसमध्ये मनोहरबाबू मागच्या सीटवर निघाले. छिंदवाड्याला ऑफिसचं काम आहे म्हणाले. पेपर सुटला तेव्हा परतीच्या बसमध्येही मागच्या सीटवर तेच. पेपर कसा गेला एवढंही विचारलं नाही, कारण माझं तोंड पाहून त्यांना कळलंच होतं. परीक्षा संपेपर्यंत असंच चाललं. छिंदवाड्याला त्यांचं असं काय काम होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.)

तर सुबोध गेल्याच्या आनंदात गल्लीनं रोडग्यांची पार्टी ठरवली. मागच्या रविवारी सिरीयल संपल्यावर सगळे तिगावच्या रस्त्यावरच्या संत्र्याच्या बगिच्यात गेलो. गोवऱ्या सायकलवर कोणी नेल्या? मनोहरबाबूंनी. विस्तव कोणी केला, राखेत कणकेचे रोडगे कोणी उलटेपालटे केले, धुरानं डोळे लाल कोणाचे झाले? त्यांचेच. कारण बाकीच्या सगळ्यांना कॅप्टन रणजीतच्या लग्नाबद्दल बोलायचं होतं. वरण झालं, वांग्याची भाजी झाली, पानं मांडली, तेव्हा बिचाऱ्यांनी विचारलं, "कायचा कार्यक्रम हाय जी? कोनाचा वाढदिवस हाय का?"

पुष्पाबाई म्हणाल्या, "सुबोध गेला ना बाबू! त्याचे रोडगे होत हे."

कोण सुबोध, असं त्यांनी विचारलं. मग काय, पुष्पाबाई पदर खोचून उठल्या आणि त्यांनी सुबोधची नक्कल केली. मान थोडी खाली, हात मागे बांधलेले, बोलायच्या आधी एकदा घसा खाकरणं, आणि चहा घेणार का म्हणून विचारणं. आत्याबाई, मी तुम्हाला काय सांगू! ती सुबोधची नक्कल नव्हतीच. पुष्पाबाईंच्या ध्यानातही नव्हतं, पण समोर दुसरे मनोहरबाबूच उभे राहिले होते. सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. आणि अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? तर आपले बापूजी मोठ्यानं म्हणाले, "अरे, हा त आपला बाबूच हाय!" मग जे हसू पिकलं, ते लवकर थांबेना. मनोहरबाबूही हसले. हात पुसले, तुपाची वाटी घेतली, आणि सगळ्यांत आधी बापूजींच्या रोडग्यावर तूप वाढलं. मी पानावरून उठले. डोकं दुखतं असं सांगितलं (दुखत नव्हतं). त्या दिवशीचा रोडगा मी गिळू शकले नाही, आणि बापूजींनी मात्र तीनदा मागून घेतला.

बुधवारी कळलं की मनोहरबाबूंनी बदलीसाठी अर्ज दिला आहे, मंडल्याला. तिथे कोणी जायला मागत नाही, म्हणजे अर्ज लगेच मंजूर होणार. ही बातमी रघुनाथरावांनी आणली तेव्हा बापूजींच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघावं? "मंग अँटेना कोन धरन?" त्यावर पुष्पाबाई खरोखरच्या काळजीत पडल्या, त्यांच्या भाच्याला सांगून बघू म्हणाल्या. एकाच्याही मनात आलं नाही की हा माणूस का चालला. मी चुलीपुढे होते. हातातलं भांडं मी असं आपटलं की त्याला पोचा आला, आणि आईला वाटलं मांजर आलं.

आता तुमच्या नागपूरच्या स्थळाबद्दल. तो मुलगा मोटारसायकलवर आला, काळा चष्मा घालून आला, आणि तो चष्मा त्यानं घरात बसल्यावरही काढला नाही. मला दोन प्रश्न विचारले. नोकरी सोडणार का, आणि चहात साखर इतकीच घालता का. मी उत्तर देत होते तेव्हा तो घड्याळाकडे बघत होता (चष्म्यातून, पण मान तिकडे होती). तो गेल्यावर पुष्पाबाई आनंदानं म्हणाल्या, अगदी कॅप्टन आहे! तुम्ही मान डोलावलीत. बापूजींनीही डोलावली. माझं लग्न सिरीयलीवरून ठरलं आहे, आत्याबाई, आणि ती सिरीयल आमच्या घरात स्वच्छ दिसावी म्हणून वर कोण उभं होतं ते तुम्हाला सांगून झालं आहे.

सर्वांत जास्त राग मला त्या निवेदिताचा येतो. कोर्टात जजसमोर एवढी कडाकडा बोलते, आणि प्लॅटफॉर्मवर तोंड शिवल्यासारखी उभी. एकदा म्हणायचं होतं, जाऊ नका. दोन शब्द लागतात. सुबोध विचारणारा नव्हताच, हे साऱ्या देशाला कळलं होतं, तर तिला कळू नये? दोन आठवडे मी तिला शिव्या देते आहे. आणि बुधवारपासून मनोहरबाबू रोज दारावरून गेले, रोज मी दारात होते, आणि रोज मी केर काढला. आमच्या अंगणात आता मातीसुद्धा उरलेली नाही. माझा मलाच इतका राग आला आहे की तो कोणावर तरी काढायचा म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर धाकटी समजून पोटात घाला. मामाजींना जयभीम, आणि दह्याचं विसरू नका.

तुमची भाची,
मंगला

ता.क. साडी मोतियाही नको आणि डाळिंबीही नको. कुठलीच नको. नागपूरला नकार तुम्हीच कळवा, स्थळ तुम्ही आणलं होतं. मुलगी सिरीयल बघून बिघडली असं सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

ता.क. बापूजी साऱ्या जगात फक्त तुम्हाला घाबरतात. गुडघे चांगले आहेतच, तर येत्या आठवड्यात इकडे या आणि त्यांना सांगा. त्याच्या आधी बोरगावला जाऊन मनोहरबाबूंच्या आईला भेटून या. त्यांना पेढे आवडतात असं ऐकलं आहे.

ता.क. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. मनोहरबाबू आज गावी चालले आहेत, सौंसरला बस बदलतात, म्हणून त्यांच्याच हाती देते आहे आणि उत्तर घेऊन या असं सांगणार आहे. पाकीट चिकटवून देईन, आणि नाही चिकटवलं तरी ते उघडायचे नाहीत. पण मनात वाचलेलं तुम्हाला समजत नाही, आणि आलेलं पत्र तुम्ही ओसरीवर मामाजींना खणखणीत आवाजात वाचून दाखवता, हे आपल्या नात्यागोत्यात कोणाला माहीत नाही? मला तर माहीत होतंच. तेव्हा मनोहरबाबू, मंडल्याला जाऊ नका. आणि आत्याबाई, तुम्ही सांगितल्याशिवाय ते बसायचे नाहीत. एवढ्या लांबलचक पत्रभर उभेच असतील. आधी त्यांना बसा म्हणा.