ट्रे मी मुद्दाम पाडला

अहो शिवकन्याचे बाबा,

फोनवर सांगायला जीभ रेटत न्हाई, म्हणून लिहायलेय. पोरीच्या ऑटिझमच्या तपासणीसाठी डॉक्टरची चिठ्ठी मिळाली. सोमवारी परभणीला मोठ्या डॉक्टरकडं जायचंय. तिकडं पुण्यात तुमाला हायसं वाटंल. पण चिठ्ठी कशी मिळाली, ते ऐका.

दवाखान्यात हा माझा तिसरा हेलपाटा. दरवेळी डॉक्टर म्हणायचे, "चौदा वर्षांची मुलगी, किती शांत बसलीय! लाजाळू असतात काही मुली." घरी ती भिंतीवर डोकं आपटती, हे सांगून मी थकले. आज बी त्यांनी तेच म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. तवा मी टेबलावरचा स्टीलचा ट्रे मुद्दाम फरशीवर पाडला. भांड्याच्या आवाजानं तिचं काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शिवकन्या किंचाळत टेबलाखाली शिरली अन् स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावली. डॉक्टर घाबरून उठले. चिठ्ठी लिहिता लिहिता मलाच म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत?"

पण ट्रे पाडताना तिनं मला बघितलं व्हतं. तवापासून ती माझ्या हातचं खात न्हाई. जवळ गेले की कोपऱ्यात सरकती. साऱ्या दुनियेत ती फक्त माझाच हात धरत व्हती. आता तिला यष्टीत कशी चढवू? मला काय बोलायचं ते बोला, पण तुमी या.

लिहिलं खरं, पण हे पाठवायची हिंमत न्हाई. फोन आला की एवढंच सांगन, चिठ्ठी मिळाली.

तुमची,
राजेश्री